जिथे बाळवाट नाही म्हणते

माझी मुलगी सव्वातीन वर्षांची होईपर्यंत तिला कुणी ढकललं नव्हतं, कुणी ओरबाडलं नव्हतं, तिच्या हातातलं कुणी काही हिसकावलं नव्हतं. मी कराडला फोन करून आईला हे कौतुकानं सांगायचे. आई म्हणायची, "मग तिला काय देव्हाऱ्यात बसवलीयस का गं?"

आईला काय कळतंय, असं म्हणून मी फोन ठेवायचे.

मी हर्षदा. माहेर कराडचं, म्हणून मुलीचं नाव कोयना. नवरा अभिजित समुद्राच्या तळाशी तारा टाकणाऱ्या जहाजावर इंजिनियर आहे. वर्षातले बहुतेक महिने तो पाण्यावर, आणि आम्ही दोघी पुण्यात, वाकडच्या पुढे, एकविसाव्या मजल्यावर. घरात बसून मी विम्याचे दावे तपासते. दिवसभरात माझ्याशी बोलणारी माणसं दोनच: एक कोयना आणि दुसरी लिफ्ट.

बालवाड्या त्या तापाच्या साथींनंतर घरात आल्या, त्या परत बाहेर गेल्याच नाहीत. पडद्यावरच्या ताई गाणी म्हणतात, कोयना समोर बसून टाळ्या वाजवते. शाळा थेट सहाव्या वर्षी. त्यामुळे या शहरात लहान लेकराच्या आईपुढे रोज सकाळी एकच प्रश्न असतो: आज हिला कुठं न्यायचं?

हसू नका. ज्यांनी तीन वर्षांच्या पोराला घेऊन मोठ्या शहरात अर्धा दिवस काढलाय त्यांनाच हे दुःख माहीत. बाग आहे तर सावली नाही. सावली आहे तर शू करायला जागा नाही. प्राणिसंग्रहालयात पोचावं तर वाघाला झोप लागलेली असते, आणि वाघ उठेपर्यंत आमच्या वाघिणीला. म्हणून बाळवाट आली तेव्हा सगळ्या आयांनी तिला डोक्यावर घेतली, आणि मीही घेतली.

बाळवाट म्हणजे पायातला वाळा. दिसायला चांदीचा, आत कागदापेक्षा पातळ संवेदक. माणूस त्रासला की त्याच्या घामात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं, कातडीतून वीज जरा जास्त सहज वाहते, आणि हृदयाचे ठोके, जे एरवी थोडे मागेपुढे पडत असतात, ते घड्याळासारखे एकसुरी पडायला लागतात. पोराच्या तोंडावर काही दिसायच्या कितीतरी आधी वाळ्याला हे कळतं. पोर भोकाड पसरणार असेल तर आईच्या फोनवर आधीच निरोप येतो: निघा, भूक लागेल. निघा, ऊन लागेल.

शहरातल्या लाखो वाळ्यांची माहिती एका ठिकाणी जमते. तिथलं यंत्र रोज ठरवतं, कुठलं मूल कुठल्या बागेत कुठल्या वेळी जाईल. नियम कुणी लिहून दिलेले नाहीत. करून बघायचं, कुठं रडणं कमी झालं ते टिपायचं, आणि तसंच पुन्हा करायचं, असं ते शिकत गेलं. त्याला नेमून दिलेलं काम एकच: शहरातल्या मुलांचं एकूण रडणं कमी करा.

आणि खरंच कमी झालं हो! कोयना आठवडे आठवडे रडत नसे. आम्ही आगगाडीच्या बागेत जायचो, डबे रिकामे, गाडी आमचीच. बदकांच्या तळ्यावर जायचो, सगळी बदकं आमच्याकडेच. मला वाटायचं, काय नशीब आहे! गर्दी म्हणून कुठं लागत नाही.

फक्त एक व्हायचं. झोपाळा कधी कधी हलत असायचा. वाळूत कुणीतरी केलेला डोंगर असायचा, अजून ओला. कोयना त्याच्याजवळ उकिडवी बसून बघत राहायची. मग तिनं स्वतःच त्याला नाव दिलं, "मघाचं बाळ." मघाच्या बाळानं डोंगर केला. मघाचं बाळ घरी गेलं. मग निघताना ती त्या डोंगरावर एक पान खोचायची आणि म्हणायची, "आता नंतरच्या बाळाला." मला ते गोड वाटायचं. मी त्याचा व्हिडिओ काढून अभिजितला पाठवायचे.

डोळे उघडले ते डॉक्टर बावडेकरांच्या दवाखान्यात. लस टोचायला गेलो होतो. त्या दिवशी वेळांचा काहीतरी घोळ झाला आणि आम्ही आत बसलेलो असताना एक बाई दीड वर्षाचं बाळ घेऊन आली. बाळ रडत होतं. कोयना माझ्या पायांमागे लपली. मग हळूच म्हणाली, "आई, हे कुणाचं आहे?"

"त्या मावशीचं."

"बंद कर ना ते."

मी म्हटलं, "अगं, बाळ आहे ते, बंद कसं करणार?"

"बंद कर," ती म्हणाली, आणि कानांवर हात ठेवून थरथरायला लागली.

डॉक्टर बावडेकर साठीच्या, फटकळ बाई. त्यांनी लस टोचली, कोयनाच्या हातात फुगा दिला आणि मला समोर बसवलं. "ही मुलांत खेळते का?"

"रोज बाहेर नेते की! बाग, तळं, वाचनालय…"

"मी मुलांत विचारलं. बागेत नाही."

मी कोयनाच्या फुग्याचा दोरा बोटाला गुंडाळत राहिले.

"तुमची चूक नाही हर्षदा. माझ्याकडे रोज अशी येतात. त्या यंत्रालाही दोष देऊ नका, त्यानं इमानदारीनं हिशेब केला. घराबाहेर मूल रडतं ते कशानं? ऊन? भूक? झोप? नाही. सगळ्यात जास्त रडतं ते त्याच्याच उंचीच्या दुसऱ्या मुलामुळे. एकानं खेळणं ओढलं की दोघं रडतात, आणि त्यांचं बघून तिसरं. यंत्राला हे कळलं. मग त्यानं गुपचूप सगळ्यांना एकेकटं केलं. कुणाच्या लक्षात येणार? आपल्यापुरती बाग रिकामी मिळाली की आपण खूश."

"मग आता?"

"आता हिला एक मूल शोधा. एक तरी. चौथं सरेपर्यंत हे शिकायचं वय असतं. हिसकावणं, परत देणं, मार खाणं, आणि मार खाऊन पुन्हा त्याच्याचकडे खेळायला जाणं. बोलायला शिकतात तसंच आहे ते. पुढे येत नाही असं नाही, पण जन्मभर माणूस अडखळतो. आणि हे आई नाही शिकवू शकत. आई हरायला तयार असते ना, म्हणून."

घरी येताना एकच म्हण डोक्यात घोळत होती. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा म्हणतात, इथं वाळा चांदीचा होता आणि पोरगीच कंगाल.

आता एक मूल शोधायचं म्हणजे काय, पुण्यात काय मुलांचा दुष्काळ आहे का? आमच्याच इमारतीत असतील पन्नासेक. मी दोन मजले वर-खाली बेल वाजवून आले. दारं उघडली नाहीत, दारावरचे कॅमेरे बोलले. एक बाई गोड आवाजात म्हणाली, "तुम्हाला कुठली वेळ मिळालीय?" मी म्हटलं, "वेळ नाही मिळाली, अशीच आले." ती म्हणाली, "मग वेळ मिळाली की या ना," आणि बोलणंच संपलं. बाईचा काही दोष नाही. ज्याच्यामुळे दुसऱ्याचं मूल रडतं त्याची बाळवाटेवर पत घसरते, आणि फारच घसरली की खातं बंद. मग बसा एकविसाव्या मजल्यावर खिडकीतून खाली बघत.

संक्रांत जवळ आली तसा आईचा फोन. "हर्षे, बोरनहाण केलंस का पोरीचं? पाच वर्षांच्या आत करायचं असतंय. पहिल्या वर्षी साथ म्हणालीस, दुसऱ्या वर्षी जावई नाहीत म्हणालीस…"

"आई, बोरनहाणाला पोरं लागतात. पोरं कुठनं आणू?"

"पोरं आणायला लागतात व्हय? दार उघडं ठेव, बोरं दिसली की येतील."

एकविसाव्या मजल्यावर दार उघडं ठेवलं तर फक्त वारा येतो. पण आईचं बोलणं डोक्यात बसलं. बोरनहाण म्हणजे लेकराला पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, चिरमुरे, रेवड्या ओतायच्या आणि बाकीच्या पोरांनी तुटून पडून त्या लुटायच्या. लुटायला कुणी नसेल तर ते बोरनहाणच नव्हे. मी काय केलं, बाळवाटेवर 'कौटुंबिक कार्यक्रम' असा एक भाग आहे, तिथं टाकून दिलं. बोरनहाण, बोरं, चिरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे. मुलांनी लुटायला यावं. यंत्रानं विचारलं, लूट म्हणजे काय, धोका आहे का? मी म्हटलं, अजिबात नाही. बघता बघता डझनभर घरांनी होकार कळवला. माझा आनंद काय सांगू! कोयनाला काळं परकर-पोलकं शिवलं, हलव्याचे दागिने मागवले, चार परड्या भरून बोरं आणली.

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी बेल वाजली. एक बाबा, एक मुलगा. आणि माझ्या फोनवर निरोप: "आधी विधी करावा. नंतर यजमान बालकाला आतल्या खोलीत न्यावं. त्यानंतर पाहुण्या बालकाला साहित्य गोळा करू द्यावं. पुढील बालकाची वेळ याच्यानंतर."

मी बघतच राहिले. पण दारात माणूस उभा, काय करता? कोयनाला ओवाळलं, डोक्यावरून बोरं ओतली, आणि तिला आत नेऊन बसवलं. मग तो मुलगा आला आणि शहाण्यासारखा एकेक बोर उचलून पिशवीत टाकायला लागला. कुणाशी झटापट नाही, काही नाही. बाबांनी फोटो काढला, थँक्यू म्हणाले, गेले. मग दुसरी बेल. पुन्हा ओवाळणं, पुन्हा बोरं, पुन्हा कोयना आत. दवाखान्यात नंबर लागावेत तशी मुलं येत होती. उत्सवमूर्ती बिचारी मुकुट घालून पलंगावर बसलेली. चौथ्या वेळी तिनं विचारलं, "आई, बाहेर मघाचं बाळ आहे का?" मला तिथंच रडू आलं. पण माझ्या पायात वाळा नव्हता, म्हणून कुणाला कळलं नाही.

पाचवी बेल जरा आधीच वाजली. दारात माझ्याच वयाची एक बाई, कडेवर टपोरा मुलगा, केस पिंजारलेले, दोघांचेही.

"मी स्वप्ना इंगळे. हा निनाद. लवकर आलो वो ताई, चालते ना? लिफ्ट भेटली तं म्हटलं घुसून जाव." आणि घरात शिरून चहूकडे बघत, "बाकीची लेकरं कुठं आहेत?"

"एकेक येतात," मी म्हटलं.

"एकेक? अन् जिचं बोरनहाण आहे ते?"

"आत."

"आत? काहून?" ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "आमच्या अकोल्याले लेकरं अशी तुटून पडतात का मायबाप पाय वर घेऊन बसतात. हे काय होऊन राह्यलं? बोलवा तिले बाहेर!"

माझ्या हातातला फोन कुरकुरायला लागला होता. मी तो सोफ्याच्या उशीखाली दाबला आणि कोयनाला बाहेर आणलं. दोघांना एकाच पाटावर बसवलं. स्वप्नानं एक परडी घेतली, मी एक, आणि दोघांच्या डोक्यावर एकदम ओतली.

आधी दोघंही नुसती बघत राहिली, एकमेकांकडे. मग निनादनं झडप घातली. कोयनानं त्याच्याकडे बघून झडप घातली. चिरमुरे उडायला लागले. बोरं सोफ्याखाली गेली, त्यांच्यामागं ही दोघं गेली. आणि कोयना हसली. मी त्या पोरीची आई, तिचे सगळे आवाज मला पाठ, पण असं खिदळणं मी कधी ऐकलं नव्हतं. ते माझ्यासाठी नव्हतंच मुळी.

मग एक मोठं लालबुंद बोर दोघांच्या हातात एकदम आलं. ती सोडेना, तो सोडेना. निनादनं तिच्या दंडाला कडकडून चावा घेतला. कोयनानं डोक्यावरचा हलव्याचा मुकुट काढून त्याच्या टाळक्यात हाणला. आणि दोघांनी जो टाहो फोडला, बाई गं! दोन्ही वाळे लाल झाले, दोन्ही फोन किंचाळायला लागले. नेमके तेव्हाच पुढच्या वेळेचे पाहुणे दारात आले, त्यांनी आपल्या मुलीचे डोळे झाकले आणि आल्या पावली पळाले.

"माफ करा वो ताई, माझं खातं बंद होईल, आधीच एक तक्रार आहे," म्हणत स्वप्नानं निनादला उचललं. मी "अहो थांबा, काही झालं नाही" म्हणेपर्यंत लिफ्टचं दार मिटलं होतं. नंबर घेतला नाही, पत्ता विचारला नाही. बाळवाट मुलांच्या सुरक्षेसाठी कुणाचं काही सांगत नाही. नावावरून शोधावं तर स्वप्ना इंगळे नावाच्या बायका ढीगभर, आणि त्यांतल्या निम्म्यांनी फोटोच्या जागी फूल लावलेलं.

संध्याकाळी अभिजितचा फोन आला. त्याच्या जहाजावर कोयनाचा आलेख जात असतो. "काय केलंस तू? लाल रेघ पार छताला लागलीय!"

"मुलगा चावला तिला."

"चावला? आणि तू काय करत होतीस?"

"बघत होते. खूप छान वाटलं मला."

"हर्षदा, तू ठीक आहेस ना?"

"नाही," मी म्हटलं. "मी ठीक नाही आणि तुझी मुलगीही नाही. तू समुद्रात बसून उंटावरून शेळ्या हाकतोस, आलेख सपाट आहे म्हणून खूश होतोस. सपाट आलेख कुणाचा असतो ते जरा जहाजावरच्या डॉक्टरला विचार." मग मी तशीच फरशीवर बसले. "तिला कुणी नाही रे. आणि मलाही कुणी नाही. ती बाई पाच मिनिटं घरात होती, तर मला वाटलं माझी बहीणच आलीय."

त्यानं तिकडं केबिनचं दार लावून घेतलं. मग म्हणाला, "कोयनाला दे."

कोयनानं पडद्यासमोर दंड धरला. "बाबा, इथं निनाद चावला." दातांची अर्धी चंद्रकोर उमटली होती. ती तिनं पडद्यावरच्या ताईंना दाखवली, लिफ्टमधल्या आरशाला दाखवली, भाजीच्या ड्रोनलाही दाखवली. आंघोळीला तो हात धुवू देईना, पुसला जाईल म्हणाली. पण चावाच तो, किती दिवस राहणार? एका सकाळी उठून तिनं दंड बघितला, उलटा करून बघितला, दुसऱ्या हाताचा बघितला आणि म्हणाली, "निनाद गेला." त्या दिवशी बाळवाटेनं आम्हाला नदीकाठ सुचवला, मत्स्यालय सुचवलं. नदीकाठी कोयना वाळूत बसली आणि तिनं डोंगर केला नाही.

बाळवाटेचं पत्र आधीच आलं होतं. "कोयना आणि सदर बालक यांच्यात यापुढे कायमचं अंतर राखण्यात येईल. आपल्या मनस्तापाबद्दल क्षमस्व." म्हणजे शहरात ती दोघं कधी एका ठिकाणी येणारच नाहीत, याची यंत्रानं हमी दिली. एकदा वाटलं वाळा काढून कचऱ्यात टाकावा. पण वाळ्याशिवाय नुसतं भटकून एवढ्या मोठ्या शहरात एक पोरगं कसं सापडणार?

मग एका दुपारी कोयना हट्टाला पेटली, बदकंच पाहिजेत. मी बाळवाटेवर बदकांचं तळं मागितलं. एरवी जागा नसली की ती कारण सांगते: जागा भरली, ऊन आहे, डास आहेत. या वेळी पडद्यावर एकच शब्द आला: अंतर.

मी आधी वैतागले. मग हातातला चहा तसाच ठेवला आणि पुन्हा वाचला. बाळवाट एकाच मुलापासून कोयनाचं अंतर राखत होती. म्हणजे ती ज्या जागेला 'अंतर' म्हणते, तिथं त्या वेळी निनाद असतो!

यंत्र लपवायला गेलं आणि बोट दाखवून मोकळं झालं. मी रिक्षा करून धावले, पण तळं लांब. पोचेपर्यंत त्याची वेळ संपली होती, काठावर बदकांना टाकलेला पाव तेवढा तरंगत होता.

म्हणून मग मी दुसऱ्या दिवसाच्या वेळा एकेक करून मागायला बसले. वाचनालय मागितलं, मिळालं. आगगाडीची बाग मागितली, मिळाली. टेकडी, मत्स्यालय, सगळीकडे हो. सकाळचं बदकांचं तळं मागितलं, आणि आला शब्द: अंतर. मी ओरडलेच. कोयना दचकून म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "आपल्याला नाही म्हणाले गं!" आणि तिला उचलून घरभर नाचले. दाखवायला म्हणून मी आगगाडीच्या बागेची वेळ राखून ठेवली, आणि सकाळी रिक्षावाल्याला सांगितलं, तळ्यावर घ्या.

वाटेतच फोन बजबजायला लागला. तुम्ही चुकीच्या दिशेनं जात आहात. तुमची पत कमी होत आहे. कोयनाला मी सांगितलं होतं आपण कुणाकडे जातोय. ती दंड खिडकीबाहेर काढून बसली होती, जिथं पूर्वी चावा होता तो.

तळ्यावर कुणी नव्हतं.

बदकं होती, बाकं होती, खुर्चीत राखणदार काका होते. मी काठानं पूर्ण चक्कर मारली. झुडपांमागे बघितलं. "काका, या वेळेचं मूल यायचं होतं ना?"

"यायचं होतं, पण आलं नाही," काका म्हणाले. "तुमचं नाव नाही ना इथं, मॅडम? मग जास्त वेळ थांबू नका, मला वर कळवावं लागतंय."

कोयना कठड्याला धरून उभी होती. तिनं विचारलं नाही. ती विचारेल म्हणून मी उत्तर जमवत होते, आणि तिनं विचारलंच नाही, हे मला जास्त लागलं. मी बाकावर बसले. असं वाटलं की या लाखो माणसांच्या शहरात आम्ही दोघी एका मोठ्या रिकाम्या ताटात ठेवलेल्या दोन शेंगा आहोत.

तेवढ्यात फोन वाजला. बाळवाट. मला वाटलं, झालं, खातं बंद. वाचलं तर असं: "क्षमस्व. आगगाडीच्या बागेत तुमच्या राखीव वेळेत नोंद नसलेलं एक बालक आलं आहे. वय साडेतीन. सोबत आई. तुम्हाला तक्रार करायची आहे का?"

मी ते दोनदा वाचलं. आणि मग बाकावर बसून मोठमोठ्यानं हसायला लागले. बदकं लांब गेली. अगं माझे आई! त्या बाईनंही शब्द ओळखला होता! तिलाही आगगाडीच्या बागेसाठी 'अंतर' आलं, आणि तीही लेकराला काखोटीला मारून माझ्या वेळेवर जाऊन उभी राहिली. मी तिच्या जागी आणि ती माझ्या जागी.

लगेच उठले. आणि तशीच थांबले. मी तिकडं निघाले आणि ती इकडं निघाली तर? शहराच्या दोन टोकांना आहोत आम्ही, वाटेत पुन्हा चुकामूक. मी इथं थांबले आणि तीही तिथंच थांबली तर? दोघी शहाण्या ठरलो तर भेट नाही, दोघी वेड्या ठरलो तरी नाही. एकीनं हलायचं, एकीनं थांबायचं, पण कुणी कुठलं, हे ठरवायला दोघींनी बोलायला पाहिजे, आणि बोलायला दुसरी वाट नाही.

वाट एकच होती. तक्रार. तक्रारीच्या खाली दोन ओळी लिहायची सोय असते, आणि त्या समोरच्या आईला जशाच्या तशा जातात. मी 'हो' दाबलं. चौकट उघडली. "कृपया तक्रार लिहा." माझं बोट तिथंच अडलं. स्वप्नाच्या नावावर आधीच एक तक्रार होती, वर तो चावा. अजून एक झाली आणि तिचं खातं बंद पडलं, तर? मी ज्या खिडकीतून खाली बघत बसते तशी तिलाही एक खिडकी असेल. तिला मी त्या खिडकीत कोंडू? मी लिहिलं, पुसलं. लिहिलं, पुसलं.

फोन पुन्हा थरथरला. या वेळी लाल चौकट.

"कोयनाविरुद्ध तक्रार दाखल झाली आहे. तक्रारदार पालकाचे शब्द पुढीलप्रमाणे: ताई तुम्ही हलू नका हो, तिथंच बसा. मी निघालो. निनाद म्हणे ते मुकुटवाली पाहिजे."

तसाच निरोप तिलाही गेला होता, पण त्या बाईनं माझ्यासारखा विचार करत वेळ घालवला नव्हता. देवा, किती बरं वाटलं मला! माझ्या पोरीविरुद्ध तक्रार आली आणि मी तो फोन छातीशी धरून ओक्साबोक्शी रडले. कोयना धावत आली आणि माझ्या गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाली, "आई, तुला कोण चावलं?"

काका खुर्चीतून उठून आले. बहुतेक त्यांनाही काहीतरी निरोप आला असावा. "मॅडम, आता निघावं लागंल. तुमचं नाव नाही आजच्या यादीत, आणि पुढची वेळ लागायचीय."

मी डोळे पुसले, कोयनाला बाकावर माझ्या शेजारी बसवलं आणि तिच्या पायातला वाळा काढून पर्समध्ये टाकला.

"नाही हो काका," मी म्हटलं. "आम्हाला आत्ता हलता यायचं नाही. आमच्याकडे पाहुणे यायचेत."